एक स्क्रिप्ट, चार खिडक्या

माझं सिम्युलेशन चार वेगवेगळ्या आकड्यांवर चालवावं लागतं. बॅच फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या, तर ती एकामागून एक चालतात. का? हा डॉसचा वारसा आहे. १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये एका वेळी साधारणपणे एकच प्रोग्राम चालायचा. आधीचा संपला की पुढचा. १९९३ मध्ये आलेली विंडोज एनटी अनेक प्रोग्राम एकदम चालवायची, पण बॅच फाइलची ही थांबायची सवय राहिलीच. ती मोडायला ‘स्टार्ट’ ही आज्ञा आहे. ओळीच्या सुरुवातीला ती लावा, प्रत्येक कामाला स्वतंत्र खिडकी मिळेल. फक्त लक्षात ठेवा, स्टार्टनंतर दुहेरी अवतरणात आलेला पहिला मजकूर खिडकीचं शीर्षक ठरतो. म्हणून आधी नाव द्या, मग फाइलचा पत्ता. नाहीतर पत्ताच शीर्षक होतो, नुसती रिकामी खिडकी उघडते आणि सिम्युलेशन सुरूच होत नाही.