ट्रक ड्रायव्हरचा बुडालेला पगार आणि व्याख्येतली एक ओळ

डिसेंबरात कळंबोलीला, ट्रक उभे राहतात त्या मैदानाजवळ, एका ड्रायव्हरकाकांनी मला त्यांची डायरी दाखवली. तारीख, कुठून कुठे, किती डिझेल, किती उचल, सगळं नीट लिहिलेलं. शेवटच्या पानावर तीन महिन्यांच्या पगाराची बेरीज आणि खाली एक शब्द : बाकी. मालकाने फोन घेणं बंद केलं होतं. काका म्हणाले, "तुम्ही कायद्याचा इतिहास शिकता ना? मग सांगा, हे पैसे मागायचे कुठे?"

मी लगेच सांगून टाकलं, "काका, वेतन प्रदान कायदा १९३६ पासून आहे." उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धं होतं. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर हा अर्धेपणा समजून घ्या, कारण कायद्यांचा इतिहास लिहिताना आपण बहुतेक जण इथेच घसरतो. कायदा कधी झाला हे आपण लिहितो. तो कोणाला लागू झाला हे बघायचं राहून जातं.

आधी पार्श्वभूमी. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला. आपले ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. पगार उशिरा देणं, दंड लावणं, मनमानी कपात करणं या तक्रारी तेव्हा गाजत होत्या. मुंबईच्या गिरण्यांत एका खाड्याला दोन दिवसांचा पगार कापायची पद्धत होती. यातूनच १९३६ चा कायदा आला. पगाराची मुदत एक महिन्यापेक्षा जास्त नको, हजाराहून कमी कामगार असतील तर पगार सात तारखेच्या आत, कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज कपात नाही. पैसे अडले तर कामगाराने स्वतः, वकिलामार्फत, युनियनमार्फत किंवा निरीक्षकामार्फत अर्ज करायचा. बेकायदा कपात सिद्ध झाली तर कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई.

इथवर वाचून "१९३६ पासून भारतातल्या कामगारांना पगारवसुलीचा हक्क मिळाला" असं वाक्य सुचतं. थांबा. पहिलं कलम उघडा. हा कायदा थेट लागू होता फक्त कारखान्यांना आणि रेल्वेला. बाकीच्या काही 'औद्योगिक आस्थापनां'ना तो लावायचा तर प्रांतिक सरकारने अधिसूचना काढायची. आता दुसरं कलम, म्हणजे व्याख्या. त्या आस्थापनांच्या यादीत ट्राम होती, मोटार बस होती, गोदी होती, खाण होती, मळे होते. माल वाहणारा ट्रक मात्र नव्हता. बसचा ड्रायव्हर निदान दारापर्यंत पोहोचला होता, ट्रकचा ड्रायव्हर यादीतच नव्हता.

मग ट्रक ड्रायव्हर कायद्याला दिसतच नव्हता का? दिसत होता, पण वेगळ्या फायलीत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हरने सलग पाच तासांपेक्षा जास्त, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि आठवड्यात ५४ तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये असा नियम होता. म्हणजे त्याचे तास मोजले गेले, पगार नाही. संशोधकाला याचा सरळ उपयोग आहे. त्या काळचा ट्रक ड्रायव्हर फक्त कामगार खात्याच्या कागदांत शोधाल तर हाती फार काही लागणार नाही. परवाने, परमिट, अपघात, वाहतूक नियम अशा कागदांतही तो शोधा.

पुढे दार हळूहळू उघडलं. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत सार्वजनिक मोटार वाहतूक आली. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने माल वाहणारे उद्योगही धरले आणि २५ व्या कलमाने त्यांना १९३६ चा पगार कायदा जोडून दिला. पण अट होती : पाच किंवा जास्त कामगार. आता हिशेब करा. एका मालकाचे दोन ट्रक, दोन ड्रायव्हर, दोन क्लिनर. झाले चार. हा माणूस कायद्याच्या बाहेर! १९६४ च्या दुरुस्तीने १९३६ च्या कायद्याच्या व्याख्येतच मालवाहतूक घातली, आणि त्या ओळीत पाचाचा आकडा नाही. अर्जाची मुदतही सहा महिन्यांवरून बारा महिने झाली. अधिसूचनेची वाट न पाहता या आस्थापनांना कायदा थेट लागू झाला तो १९८२ च्या दुरुस्तीनंतर. १९३६ ते १९८२, म्हणजे ४६ वर्षं. माझं "१९३६ पासून" किती पोकळ होतं ते लक्षात आलं ना?

दुसरी मेख 'वेतन' या शब्दात आहे. जुन्या कायद्याच्या व्याख्येत प्रवासभत्ता वेतनात धरलेला नव्हता, कामासाठी होणारा खास खर्च भागवायला दिलेली रक्कमही नाही. ट्रकच्या धंद्यात तर कमाई आणि खर्च एकाच पाकिटात येतात. ट्रिपच्या पैशांतून टोल द्या, जेवा, उरलं ते तुमचं. मालकाने त्या सगळ्याला 'भत्ता' म्हटलं की वसुलीच्या वेळी वाद सुरू. म्हणून मुलाखत घेताना "पगार किती?" एवढंच विचारू नका. उचल किती, ट्रिपला काय, माल कमी भरला तर कोणाच्या खिशातून जातं, हे एकेक करून विचारा.

आता काकांच्या प्रश्नाकडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि १९३६ चा कायदा तिच्यात विरला. दावा करायची मुदत आता तीन वर्षं आहे. दहापटीपर्यंत भरपाईची तरतूद कायम आहे. आणि ५९ वं कलम नीट वाचा : पगार दिला नाही असा दावा आला, तर तो दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. अडाणी ठरवल्या गेलेल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

तरी एक गोष्ट ड्रायव्हरलाच दाखवावी लागते : मी याच मालकाकडे होतो. नेमणूकपत्र सहसा नसतं. बिल्टीवर गाडीचा नंबर असतो, ड्रायव्हरचं नाव असेलच असं नाही. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही डायरीतली एकेक तारीख घेऊन काकांच्या मोबाइलमधले पोच पावतीचे फोटो, डिझेलच्या चिठ्ठ्या आणि मालकाने बँकेत टाकलेली उचल जुळवत बसलो. दोन ट्रिपांचं काहीच सापडलं नाही. बाकी सगळं जुळलं. तो गठ्ठा घेऊन काका कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशीला गेले.

घरी येताना वाटलं, आपण दोघांनी आज एकच काम केलं. एका कागदावर विसंबायचं नाही, दुसऱ्याशी ताडून बघायचं, हीच तर आपली पद्धत. फरक एवढाच की माझा पुरावा कमी पडला तर प्रकरण मागे येतं, आणि त्यांचा पडला तर तीन महिन्यांचा पगार जातो. पुढच्या वेळी एखाद्या कायद्याचं साल लिहाल, तेव्हा आधी पहिलं कलम आणि व्याख्या वाचा. आणि त्या यादीत कोण नाही, ते वहीत लिहून ठेवा. तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.