फटक्यांची शिक्षा व अपराध्यांचे पुनर्वसन

न्यायालयाच्या आदेशावरून अपराध्याच्या अंगावर वेताने वा चाबकाने ठराविक संख्येचे आघात करण्याच्या शिक्षेस फटक्यांची शिक्षा म्हणतात. वेदना व अप्रतिष्ठा यांच्या योगे अपराध्यास, तसेच पाहणाऱ्यांस धाक बसविणे हा तिचा हेतू होय. याउलट काम, शिक्षण व विश्वास यांच्या द्वारा अपराध्यास समाजात पुन्हा सामावून घेणे हा पुनर्वसनाचा हेतू. भारतात विसाव्या शतकात पहिली पद्धती मागे पडून दुसरी मान्यता पावली. तथापि हे स्थित्यंतर केवळ भूतदयेतून झालेले नाही. खर्चाचा प्रश्न त्यात प्रथमपासून गुंतलेला दिसतो.

मुंबई इलाख्यासाठी १८२७ मध्ये केलेल्या एल्फिन्स्टन संहितेत फटक्यांना स्थान होते. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये सिद्ध केलेल्या मसुद्यात मात्र ती शिक्षा वगळण्यात आली आणि १८६० च्या भारतीय दंडसंहितेतही ती आली नाही. परंतु अवघ्या चारच वर्षांत, १८६४ साली, स्वतंत्र अधिनियम करून ती चोरीसारख्या अपराधांसाठी पुन्हा आणली गेली. तुरुंग भरलेले होते. कैद्यास महिनोन्‌महिने पोसण्यापेक्षा फटके मारून सोडणे सरकारला स्वस्त पडत असे. या अधिनियमाची जागा पुढे १९०९ च्या अधिनियमाने घेतली.

शिक्षा कशी द्यावी, याचे नियम १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. वेताचा व्यास अर्ध्या इंचाहून कमी नसावा, फटके तीसपेक्षा अधिक नसावेत, सोळा वर्षांखालील मुलास पंधरापेक्षा अधिक मारू नयेत, शिक्षा हप्त्याहप्त्याने देऊ नये. स्त्रिया व पंचेचाळीस वर्षांवरील पुरुष यांना ती देऊच नये. अपराध्याची प्रकृती फटके सोसण्याजोगी आहे, असा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखलाही घ्यावा लागे. ही काटेकोर मोजमापे वाचताना शिक्षेचे निर्घृणत्व कमी झाल्याचा भास होतो, इतकेच. असहकारितेच्या चळवळीत पकडले गेलेले चंद्रशेखर आझाद यांना कोवळ्या वयात वाराणसी येथे फटके खावे लागले. त्यामुळे त्यांना धाक बसला नाही, हे सर्वश्रुत आहे.

अपराध्याची सुधारणा हे तुरुंगाचे उद्दिष्ट असावे, असे १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने स्पष्टपणे प्रतिपादिले. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये बोर्स्टल शाळांचा व १९३८ मध्ये परिवीक्षेचा कायदा झाला. यांहून धाडसी प्रयोग औंध संस्थानात घडला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने १९३९ मध्ये आटपाडीजवळच्या (आता सांगली जिल्हा) माळरानावर कैद्यांची स्वतंत्रपूर ही वसाहत सुरू केली. तिला तट नव्हता. कैदी शेती करीत आणि कुटुंबासह राहू शकत. आतापर्यंत तुरुंगाचा सारा भर पळून जाणे अशक्य करण्यावर असे. येथे ते शक्य ठेवूनही कैदी राहतो की नाही, हीच कसोटी होती. या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेली कथा व्ही. शांताराम यांच्या दो आँखे बारह हाथ (१९५७) या चित्रपटाने देशभर पोहोचविली. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर वसाहतीचा कारभार सरकारी तुरुंग खात्याकडे आला.

इंग्लंडमध्ये न्यायालयीन फटके १९४८ मध्ये बंद झाले. भारतात ते १९५५ च्या अधिनियमाने रद्द झाले. मात्र तुरुंगातील बेशिस्तीबद्दल फटके मारण्याची १८९४ च्या तुरुंग अधिनियमातील तरतूद या निरसनातून सुटली. १९५८ मध्ये परिवीक्षा अधिनियम सर्व देशासाठी झाला. खुल्या तुरुंगांची कल्पनाही रुजली. महाराष्ट्रात येरवडा व पैठण येथे ते स्थापन झाले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ अपराधांसाठी समाजसेवेची शिक्षा प्रथमच विहित केली.

खुल्या तुरुंगाला जमीन, पाणी आणि विशेषतः कैद्यावर विश्वास टाकणारा अधिकारी लागतो. वेताला यांपैकी काहीच लागत नसे. शिवाय तेथे शिक्षा झालेल्या व वर्तणूक चांगली ठरलेल्या कैद्यांचीच निवड होते. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत असलेल्या बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मात्र कच्चे कैदी होते.