काचबिंदूच्या थेंबाची कुळकथा

ज्या घरात कुणाला काचबिंदू आहे, त्या घरातल्या फ्रिजच्या दारात एक इवलीशी बाटली हमखास सापडते. आत जेमतेम अडीच मिलीलीटर औषध असतं. रोज रात्री प्रत्येक डोळ्यात एक थेंब. औषध लॅटानोप्रॉस्ट असेल तर त्या थेंबात ते असतं साधारण दीड मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला दीड भाग. एवढ्याशा औषधावर माणसाची राहिलेली नजर टिकून असते. हा थेंब आपल्या हाती यायला दीडशेच्या आसपास वर्षं लागली, आणि त्याच्या कुळाचा मूळ पुरुष शोधायला गेलं तर आपण पोचतो पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषारी बीपाशी.

आजच्या नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात कलाबार नावाचं बंदर आहे. तिथल्या नदीनाल्यांच्या काठी एक मोठा वेल वाढतो. त्याच्या शेंगेत दोन-तीन बिया असतात. बी इंचभर लांब, गर्द तपकिरी, टणक. तिच्या फुगीर कडेवरून एक लांब काळसर खोबण गेलेली. तिथले एफिक लोक हिला ‘एसेरे’ म्हणत. कुणावर चेटकाचा आळ आला की ही बी वाटून पाण्यात कालवून त्याला पाजत. उलटी होऊन तो वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. मराठी मुलखातही जुन्या काळी तंट्याच्या निवाड्यासाठी उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायला लावत, त्याला रवादिव्य म्हणत. कलाबारचं दिव्य त्याच जातीचं, फक्त पोटात घ्यायचं.

१८४६ साली विल्यम डॅनिएल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने या दिव्याची हकीकत एडिंबरात सांगितली. त्याच सुमारास स्कॉटलंडचे मिशनरी कलाबारला पोचले होते. त्यांच्याकडून बिया एडिंबराला येऊ लागल्या. तिथले विषविद्येचे नामांकित प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये बी स्वतःच खाऊन पाहिली. आदल्या रात्री थोडी, सकाळी त्याहून जास्त. डोकं गरगरायला लागलं, हातापायांतलं बळ गेलं, तेव्हा दाढीचं साबणाचं पाणी समोर होतं तेच पिऊन त्यांनी ओकारी काढली आणि जीव वाचवला. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण या बीचा पुढचा सगळा अभ्यास त्यांच्या शिष्यशाखेत झाला.

ख्रिस्टिसन यांचे विद्यार्थी थॉमस फ्रेझर यांनी १८६२ च्या आपल्या प्रबंधात एक निरीक्षण नोंदवलं: बीचा अर्क डोळ्यात गेला की बाहुली बारीक होते. ही गोष्ट त्यांनी आपले नेत्रवैद्य मित्र डग्लस अर्गाइल रॉबर्टसन यांना सांगितली. त्या काळी बाहुली मोठी करायला अ‍ॅट्रोपिन होतं, पण ती बारीक करणारं भरवशाचं औषध नेत्रवैद्याकडे नव्हतं. रॉबर्टसन यांनी अर्क स्वतःच्या डोळ्यात घातला. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, लांबचं धूसर दिसू लागलं, आणि काही वेळाने डोळा पूर्वपदावर आला. १८६३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. वर्षभरात जर्मन रसायनज्ञांनी बीमधलं मूळ द्रव्य वेगळं काढलं, फायसोस्टिग्माइन. पाठोपाठ फ्रान्समध्ये त्याला एफिक लोकांच्या ‘एसेरे’वरून एसेरिन हे नाव मिळालं.

औषध मिळालं होतं, पण त्याचा काचबिंदूशी संबंध अजून कुणी जोडला नव्हता. तो संबंध समजायला डोळ्याच्या आत डोकवावं लागेल. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं, मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलीटर. ते बुबुळामागून बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळाच्या कडेच्या सूक्ष्म जाळीतून झिरपून रक्तात मिसळतं. नळ चालू आणि मोरी मोकळी, तोवर सगळं ठीक. मोरी तुंबली की आतला दाब वाढतो. सर्वसाधारण डोळ्यात हा दाब १० ते २१ मिलीमीटर पाऱ्याइतका असतो. तो वाढून बरेच दिवस तसाच राहिला की मेंदूकडे दृश्य नेणाऱ्या नसेचे तंतू मरायला लागतात. सुरुवात बहुतेक वेळा कडेच्या दृष्टीपासून होते. समोरचं वाचता येतं, टीव्ही दिसतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. आणि मेलेले तंतू कुठल्याही औषधाने परत येत नाहीत.

बर्लिनच्या आल्ब्रेख्त फोन ग्रेफ यांनी १८५७ मध्ये बुबुळाचा तुकडा काढून अचानक भडकलेला काचबिंदू शमवता येतो हे दाखवलं. त्याआधी अशा डोळ्याचं भवितव्य ठरलेलं असे, अंधत्व. पण शस्त्रक्रिया म्हणजे सुरी, आणि तेव्हा भूल देण्याची पद्धत बाल्यावस्थेत होती, जंतुमुक्त शस्त्रक्रिया तर अजून यायचीच होती. थेंबाची वाट किती डोळे पाहत असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

तो थेंब १८७६ साली आला. स्ट्रासबुर्गचे प्राध्यापक लुडविग लाक्वेर यांनी फायसोस्टिग्माइनने काचबिंदूतला दाब उतरतो हे जाहीर केलं. बाहुली आक्रसली की बुबुळ ताणलं जाऊन मोरीच्या तोंडावरून बाजूला सरतं, आणि आतल्या स्नायूच्या ओढीने जाळीही मोकळी होते. लाक्वेर यांना स्वतःलाच काचबिंदू होता. दाब चढला की काय होतं आणि थेंबाने काय फरक पडतो, हे त्यांना आपल्याच डोळ्यांवरून कळत होतं. पुढे त्यांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. तोवर त्यांची नजर या थेंबांनी सांभाळली. काचबिंदूच्या थेंबाच्या इतिहासात वैद्य आणि रुग्ण एकाच माणसात भेटतात ते इथे, आणि म्हणून मला या कुळकथेत लाक्वेर यांचं मोल सगळ्यांत जास्त वाटतं.

एसेरिन डोळ्याला झोंबत असे. लगेचच दुसरं झाड मदतीला आलं. ब्राझीलमधल्या जाबोरांडी नावाच्या झुडपाचा पाला चघळला की लाळ आणि घाम सुटतो, हे तिथल्या मूळ रहिवाशांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. ब्राझीलचे डॉक्टर कुतिन्यो यांनी १८७० च्या दशकात तो पाला पॅरिसला आणला. १८७५ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी त्यातून पायलोकार्पिन वेगळं काढलं गेलं, आणि डार्मस्टाटच्या अडोल्फ वेबर यांनी ते डोळ्यात वापरलं. एसेरिनपेक्षा सौम्य असलेलं हे औषध पुढची शंभर वर्षं काचबिंदूचं मुख्य औषध होऊन राहिलं. पण त्याची किंमत रुग्ण मोजत. दिवसातून चार वेळा थेंब. भुवईत ठणका. बाहुली बारीक राहिल्याने संध्याकाळनंतर सगळं अंधुक. ज्याला मोतीबिंदूही आहे त्याचं दिसणं आणखी कमी. नजर वाचवणारं औषध दिवसभर नजरेला त्रास देई, आणि म्हणून कित्येकांच्या हातून ते सुटे.

पुढची वाट हृदयाच्या औषधातून निघाली. रक्तदाब आणि छातीतल्या कळेसाठी निघालेलं प्रोप्रॅनोलॉल दिलं की डोळ्याचा दाबही उतरतो, हे १९६७ मध्ये लक्षात आलं. ते डोळ्यात घालावं तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा बधिर होई. त्याच घराण्यातलं टिमोलॉल या दोषापासून मुक्त निघालं, आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. टिमोलॉल बाहुलीला हात लावत नाही. ते पाणी तयार होणंच कमी करतं. भुवईतला ठणका गेला, अंधुकपणा गेला, चार वेळांचे दोन वेळा झाले. एक धोका मात्र आला. डोळ्यातून नाकात उतरलेला थेंब यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातो, त्यामुळे दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडू शकतो, नाडी मंद होऊ शकते. ‘डोळ्याचंच तर औषध आहे’ म्हणून आपला दमा डॉक्टरांना न सांगणं जिवावर बेतू शकतं.

शेवटच्या मोठ्या टप्प्याचे नायक लास्लो बिटो. जन्म बुडापेस्टचा. कम्युनिस्ट राजवटीने कुटुंबाला शहराबाहेर हाकललं, तरुण लास्लोला कोळशाच्या खाणीत राबवलं. १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर ते अमेरिकेत पळाले आणि पुढे न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संशोधक झाले. शरीरातली प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्यं डोळ्यात सूज आणतात आणि दाब वाढवतात, असा त्या वेळी सर्वमान्य समज होता. सशांना मोठा डोस दिला की तसंच होई. बिटो यांनी मांजरांना आणि माकडांना अगदी कमी मात्रेत ती रोज दिली, आणि दाब उतरून उतरलेलाच राहिला. आपलं म्हणणं पटवायला त्यांना बरीच वर्षं झगडावं लागलं. डोळा लाल होणं ही अडचण उरली होती. स्वीडनमधल्या उप्साला इथे योहान शेर्नशान्ट्स आणि सहकाऱ्यांनी रेणूत बदल करून ती बरीच कमी केली. त्यातून लॅटानोप्रॉस्ट आलं. १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे औषध नेहमीच्या मोरीपेक्षा एका दुसऱ्याच आडवाटेने पाणी बाहेर काढतं. ती आडवाट उप्सालाच्याच आंडर्स बिल यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिली होती. पापण्यांचे केस लांब होणं, काहींच्या बुबुळाचा रंग गडद होणं हे त्याचे दुष्परिणाम. पण दिवसाला थेंब आता एकच झाला.

चारावरून दोन, दोनावरून एक. या कुळकथेत मला प्रगती दिसते ती या आकड्यांत. कारण औषध कितीही गुणी असलं तरी ते डोळ्यात पडलं तरच उपयोगी, आणि जितके थेंब कमी, तितकी विसरण्याची शक्यता कमी. औषधाने काय साधतं याचा पुरावाही आहे. नस अजून शाबूत, पण दाब जास्त, अशा १,६३६ माणसांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. थेंब घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत ४.४ टक्के लोकांना काचबिंदू जडला, न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना. म्हणजे धोका निम्म्याहून कमी झाला. आज लेझरचा पर्यायही आहे आणि काही रुग्णांना तो आधी सुचवला जातो, तरी बहुसंख्य लोकांची भिस्त थेंबावरच आहे.

इतक्या लोकांच्या श्रमांतून आलेला थेंब आपण मात्र अनेकदा गालावर सांडतो. नीट घालायची रीत अशी: हात धुवा, मान मागे करा, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, बाटलीचं टोक डोळ्याला न टेकवता एकच थेंब सोडा. डोळ्यात एका थेंबाहून जास्त मावतच नाही. दुसरा वाहून जातो. मग डोळा हलकेच मिटून नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

आणखी एक थेंब आपल्याकडे फार सहज मिळतो, स्टेरॉइडचा. डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने घातलेला हा थेंब डोळ्याचा दाब वाढवू शकतो आणि चांगल्या डोळ्याला काचबिंदू लावू शकतो. चिठ्ठीशिवाय तो घेऊ नका.

आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत झालेल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना तो आपल्याला आहे हे ठाऊकच नव्हतं. म्हणून चाळिशी उलटली की चष्म्याचा नंबर काढताना डोळ्याचा दाब आणि मागची नसही तपासायला सांगा. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर अजिबात टाळू नका. आणि थेंब चालू असतील तर ‘काही फरक जाणवत नाही’ म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. काचबिंदूत आज दिसतं तेवढंच उद्याही दिसत राहिलं, म्हणजे औषध लागू पडलं.