मंडणगडच्या वाड्यांची कुळकथा

मंडणगड तालुक्यात कुणाचं घर विचारलं की गावाच्या नावानं काम भागत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कुठली वाडी? कुणबीवाडी, मराठवाडी, गुरववाडी, सुतारवाडी, गवळवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला. उत्तरात पत्ता असतो आणि त्याच दमात माणसाची जातही सांगून झालेली असते. 2011च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम 62 हजारांच्या आसपास, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातली सर्वांत कमी. एवढ्या माणसांत कोण कोण आहे, हे जनगणनेच्या छापील तक्त्यांतून फार थोडं कळतं. तिथे धर्म आहेत, अनुसूचित जाती आहेत, अनुसूचित जमाती आहेत. बाकी सगळे एका ढिगात. त्यांचा तपशील वाड्यांच्या नावांत आहे, म्हणून इथल्या वस्तीचं कूळ शोधायचं तर वाडीपासूनच सुरुवात करावी लागते.

मुळात वाडी ही जमिनीनं पाडलेली रीत. देशावरचं गाव पांढरीवर एकवटतं, कडेनं काळी शेती पसरते. कोकणात डोंगराच्या घडीघडीतून वहाळ उतरतात, त्यांच्या बगलेला भाताची खाचरं धरावी लागतात आणि घर मात्र पाण्याच्या वर, वरकसाच्या उतारावर बांधावं लागतं. एका ठिकाणी दहा-वीस घरांपलीकडे सपाटी मिळत नाही. त्यामुळे गाव फुटून विखुरलं, आणि विखुरताना भावकी भावकीला धरून राहिली. इथवर दोष कुणाचाच नाही. पण खाचराजवळची, पाण्याजवळची, देवळाजवळची जागा कुणाला मिळाली आणि शिवेकडची कुणाला, हे डोंगरानं ठरवलेलं नव्हतं. ते माणसांनी ठरवलं, आणि मग पाखाडीच्या दगडांइतकंच पक्कं करून टाकलं.

तालुक्याच्या उत्तरेला सावित्रीची खाडी आहे; पलीकडे रायगड. या वस्तीतली बरीच माणसं या पाण्यानं आणली. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात, पेरिप्लसमध्ये, मंदगोरा नावाचं बंदर येतं. काही अभ्यासकांनी ते बाणकोट-मंडणगडच्या बाजूला मानलं, काहींनी राजपुरीच्या खाडीवरच्या मांदाडला. तो वाद बाजूला ठेवला तरी अरबी समुद्राचा व्यापार या किनाऱ्यावर फार जुना, यात शंका नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी चौलला आला तेव्हा त्याला तिथे हजारो मुसलमान राहताना दिसले, आणि त्यांत इथेच जन्मलेल्यांचा त्यानं वेगळा उल्लेख केला. म्हणजे कोकणी मुसलमानांची वस्ती दिल्लीच्या सुलतानांहून जुनी. म्हाप्रळ, बाणकोट, पणदेरी या बाजूच्या मोहल्ल्यांत आजही घरात बोलली जाते ती मराठीचीच किनारी बोली. आडनावं पाहावीत : मुकादम, सारंग, काझी, देशमुख, परकार. यांत गलबतावरचं काम आहे, गावचा हुद्दा आहे, न्यायाचं पद आहे.

बाणकोटविषयी एक नोंद मला फार बोलकी वाटते. 1755 साली कमोडोर विल्यम जेम्सनं हा किल्ला घेतला, पुढच्या वर्षीच्या तहानं तो आसपासच्या काही गावांसह इंग्रजांकडे राहिला आणि त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया झालं. इंग्रजांना तो हवासा का वाटला, याची कारणं रॉबर्ट ऑर्म या इतिहासकारानं दिली आहेत. बंदर चांगलं, मिठाचा व्यापार मोठा; आणि भोवतालचा सिद्दीचा मुलूख मुसलमान वस्तीचा असल्यामुळे मुंबईला गोमांसासाठी जनावरं मिळत, जी किनाऱ्यावर इतरत्र मिळणं कठीण होतं. लोकसंख्येची घडण इथे तहाच्या हिशेबात उतरली आहे. कुठल्या गावात कोण राहतं, यावरून जहाजांची रसद ठरली आणि किल्ल्याचं मोल ठरलं.

पेशवाई बुडाल्यावर 1822 पर्यंत दक्षिण कोकणचं इंग्रजी ठाणं बाणकोटलाच होतं, मग ते रत्नागिरीला गेलं. मधल्या काळात आणखी एक दार उघडलं होतं. कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातून भरती होई आणि तीत महार शिपाई मोठ्या संख्येनं असत. 1 जानेवारी 1818च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर ‘नाक’ शेवटी असलेली नावं कोरलेली आहेत, ती याच समाजाची. गावात ज्यांना शिवेबाहेरची जागा आणि वेसकरकी, त्यांना फौजेत पगार, बढती, पेन्शन आणि मुलांना शाळा मिळाली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे मालोजी सकपाळ असेच फौजेत गेले. त्यांचे पुत्र रामजी सुभेदार झाले आणि निवृत्तीनंतर दापोलीच्या पेन्शनरांच्या वसाहतीत काही काळ राहिले. रामजींचा मुलगा 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. 1892-93च्या सुमारास बंद झालेलं ते फौजेचं दार पुन्हा उघडावं म्हणून पुढे जे झगडले, त्यांत तोही होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव म्हणून आंबडव्याला लोक आज दर्शनाला येतात.

त्यांचं नाव इथे घेण्याचं कारण फक्त गावाचा अभिमान हे नाही. मंडणगडसारख्या गावात इतक्या वेगवेगळ्या वाड्या का, या प्रश्नाला इंग्रज अधिकाऱ्यांनी वंशाचं उत्तर दिलं होतं. 1901च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी माणसांची नाकं मोजली, कवट्या मोजल्या आणि जाती म्हणजे वंशांचे थर असं मांडलं. पश्चिम हिंदुस्थानच्या लोकांना त्यांनी ‘सिथो-द्रविड’ अशी चिठ्ठी लावली. कोकणात तर ही हौस घरोघर पोचली. चित्पावनांचे घारे डोळे, दालदी खलाशांचा चेहरा, सिद्दींचे केस, प्रत्येकावर तर्क लढवले गेले. बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिप्रथेचे उच्चाटन’मध्ये हे समूळ नाकारलं. वंश एकमेकांत मिसळून गेल्यावर फार उशिरा जाती आल्या, आणि पंजाबचा ब्राह्मण हा मद्रासच्या ब्राह्मणापेक्षा पंजाबच्या चांभाराला वंशानं जवळचा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. 1948च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांचीच आकडेवारी घेऊन दाखवलं की तिच्यातून अस्पृश्यांचा वेगळा वंश निघत नाही. आंबडव्यात मूळ असलेल्या माणसानं हे लिहिलं, याचं मला अप्रूप वाटतं. दोन वाड्यांमधलं अंतर रक्तात नाही, हे मोजमापानं सिद्ध करायचं काम त्या अंतराच्या चुकीच्या बाजूला जन्मलेल्यानं केलं.

मग ते अंतर आलं कुठून? माझ्या मते सगळ्यांत मोठा वाटा जमिनीच्या हक्काचा. इथली बहुसंख्य शेतकरी वस्ती कुणब्यांची, आणि पिढ्यान् पिढ्या ती कुळं म्हणून राबली. खोत ब्राह्मण असे, मराठा असे, मुसलमानही असे. सारा गोळा करून सरकारात भरायचा आणि कुळाकडून त्याहून कितीतरी जास्त घ्यायचा, हा त्याचा धर्म सारखाच. बांध कुठे घालायचा, कुठलं वरकस कुणी भाजायचं, नवं घरटं कुठे उभारू द्यायचं, हे खोताच्या शब्दावर चाले. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच मागणीसाठी 10 जानेवारी 1938 रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला, त्यात कोकणातली कुणबी कुळं आणि महार एकत्र चालले. ज्यांच्या वाड्या गावात समोरासमोर येत नव्हत्या, ती माणसं मुंबईच्या रस्त्यावर एका रांगेत आली. खोती कायद्यानं गेली ती 1949 साली. वाड्या होत्या तिथेच राहिल्या.

सगळ्यांच्या वाट्याला मुंबई मात्र सारखीच आली. गिरणीत, गोदीत, बोटीवर, नंतर आखातात माणसं गेली आणि गावात बायका व म्हातारे राहिले. 2011 साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. शिमग्याला चाकरमानी परतला की पालखी सहाणेवरून निघून वाडीवाडीनं फिरते. तिची वाट आणि मानाचा क्रम पाहिला तर गावात आधी कोण मोजला जातो आणि कोण मोजलाच जात नाही, ते उमगतं.

कातकरी त्या क्रमात कुठेच नाहीत. खैराचा कात पाडणारे हे लोक. 1878च्या वनकायद्यानंतर रान त्यांच्या हातून निसटत गेलं आणि कोळशाच्या, विटांच्या भट्ट्यांमागे त्यांची वस्ती हलत राहिली. घरठाण नावावर नसेल तर वाडीला नाव तरी कसं लागणार? उलट टोकाला वेळास : भानूंचं हे गाव, नाना फडणवीसांचं मूळ घराणं इथलं. भानू श्रीवर्धनच्या भटांच्या, म्हणजे पुढच्या पेशव्यांच्या, सोबतीनं घाट चढले आणि गावापेक्षा पुण्यातच मोठे झाले.

1956च्या धम्मदीक्षेनंतर वस्तीच्या तक्त्यात एवढी मोठी उलथापालथ झाली की तशी दुसरी नाही. महाराष्ट्रात 1951 साली 2,487 बौद्ध नोंदले गेले होते. 1961 साली ते 27 लाख 89 हजारांवर गेले. माणसं तीच, घरं तीच. महारवाडा मात्र बौद्धवाडी झाला. हे नाव लोकांनी स्वतः घेतलं होतं, सरकारनं दिलेलं नव्हतं. 2020च्या डिसेंबरात राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी ठेवायचं ठरवलं, तेव्हा बदलायच्या उदाहरणांत महारवाड्याशेजारी बौद्धवाडाही होता. दोन्ही एका मापानं मोजणं मला पटत नाही. एक नाव लादलेलं होतं, दुसऱ्यानं ते झुगारलं होतं.

1931 नंतर बंद पडलेली सर्व जातींची गणना 2027च्या जनगणनेत पुन्हा होणार आहे. कुणबी, मराठा, गवळी, भंडारी, खारवी, गुरव, सगळ्यांचे आकडे त्यातून हाती येतील. त्यांच्याबरोबर प्रत्येक वाडीला किती जमीन, किती पाणी, कुठवर डांबरी रस्ता, हेही गावातल्या गावात ताडून पाहता आलं, तर 1938च्या मोर्चातली मागणी कुठपर्यंत पोचली ते मंडणगडला पहिल्यांदाच आकड्यांत दिसेल.