चकतीच्या शस्त्रक्रियेनंतरची चिवट वेदना

मणक्यांमधली सरकलेली चकती काढल्यावरही तीन महिन्यांहून अधिक टिकणारी कंबरेची वा पायाची वेदना. तिला सरसकट ‘फसलेली शस्त्रक्रिया’ म्हणणे अन्यायाचे, कारण दर वेळी हात चुकलेला नसतो. मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी १९३४ मध्ये चकतीचा नसेवरील दाब दाखवला. शस्त्रक्रिया तो दाब काढते. त्यामुळे मांडीमागून पोटरीपर्यंत उतरणारी कळ बहुधा थांबते, नुसती कंबरदुखी थांबेलच असे नाही. म्हणून प्रतिबंध रुग्णाच्या निवडीपासूनच सुरू होतो; एमआरआयवर फुगलेली चकती तर ठणठणीत माणसांतही दिसते, तेव्हा शस्त्रक्रियेसाठी घाई न करता थांबून पाहावे. ‘थांबल्यास नस कायमची जाईल’ हा आक्षेप लघवी तुंबणे, जांघेतील बधिरता, पाऊल लुळे पडत जाणे अशा वेळी रास्तच. तेथे घाई हवी. एरवी नेदरलँड्समधील २००७ च्या चाचणीत (२८३ रुग्ण) लवकर शस्त्रक्रिया झालेले लवकर सावरले, पण वर्षाअखेर ते आणि थांबलेले असे दोन्ही गट सारखेच होते. अर्थात थांबलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया लागलीच.

शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळून राहणे घातक. चालणे लगेच सुरू करावे, चार ते सहा आठवड्यांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम. वेदना परतलीच तर आधी चकती पुन्हा सरकणे, जंतुसंसर्ग, मणक्यांची अस्थिरता तपासावी; व्रणाच्या ऊतीवर लगेच खापर फोडू नये, ती वेदनारहित रुग्णांतही असते. अफूजन्य गोळ्या दीर्घकाळ नकोत. पायाची कळ हटत नसेल, तर निवडक रुग्णांत मज्जारज्जूला सौम्य विद्युत्स्पंदने देणारे यंत्र बसवतात. फेरशस्त्रक्रियेचे यश मात्र पहिल्यापेक्षा कमी असते.