शरदांतींचें वादळ

ब्रिटनच्या शरदाचा शेवट वादळी असतो, हें तेथील नाविकांस पूर्वापार ठाऊक होतें. परंतु २६ ऑक्टोबर १८५९ च्या पहाटे ऑस्ट्रेलियाहून सोनें घेऊन परतणारें 'रॉयल चार्टर' जहाज अँगलसीच्या खडकांवर फुटलें व सुमारें साडेचारशें माणसें बुडालीं, तेव्हां कोठें सरकार जागें झालें. हवामानखात्याचे प्रमुख फिट्झरॉय (डार्विनला नेणाऱ्या 'बीगल'चे हेच कप्तान) १८६१ पासून बंदरोबंदरीं तारेनें सूचना धाडूं लागले. तेथें खांबावर शंकूची खूण चढे. अंदाज पुष्कळदां चुकत, आणि विद्वान् थट्टा करीत. १८६५ त फिट्झरॉयनीं आत्महत्या केली. पुढील वर्षीं सूचनाहि थांबल्या. या प्रकरणांत आम्हांस पंडितांपेक्षां खलाशीच शहाणे वाटतात. चुकणारी कां होईना, त्यांना सूचना हवी होती. त्यांच्या आग्रहामुळें १८६७ त ती पुन्हां सुरू करावी लागली.