देवांचा राजा आणि एकच देव

(सिनेगॉगमधील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



हनुक्काचे दिवे लावताना आपण मुलांना तेलाच्या कुपीची कथा सांगतो. त्या कथेच्या मागे एक जुना प्रश्न उभा आहे. त्याविषयी आज बोलावयाचे आहे. इ.स.पू. १६७ मध्ये अँटिओकस चौथा या राजाने यरुशलेमच्या बेत हामिकदाशला ऑलिंपसच्या झ्यूसचे नाव दिले. शब्बाथ आणि सुंता यांवरील बंदी हा उघड जुलूम होता, हे आपण जाणतो. परंतु नाव बदलण्यात ग्रीक मनाला फारसे वावगे वाटले नसावे. ग्रीक लोक जेथे जात तेथील मुख्य देवाला झ्यूस म्हणत. इजिप्तचा आमोन त्यांच्या लेखी झ्यूस, बाबेलचा मार्दुकही झ्यूस. यहुदी लेखकाचा मानला जाणारा ‘अरिस्तेयसचे पत्र’ हा ग्रीक ग्रंथ घ्या. त्यातही यहुदी ज्याची उपासना करतात तो ग्रीकांचा झ्यूसच होय, नाव तेवढे निराळे, असे एक पात्र राजाला सांगते.

मग आपल्या पूर्वजांना हे का पटले नाही? भांडण केवळ नावाचे होते काय? याचे उत्तर हवे असेल तर त्या काळचे मुख्य देव आपल्या सिंहासनावर कसे बसले, हे पाहावे लागते.

प्रथम बाबेल. तेथील सृष्टिकथा, ‘एनूमा एलिश’, सात मृत्तिकापट्टांवर कोरलेली आहे. नववर्षाच्या उत्सवात तिचे पठण होई; आणि तो महिना निसान, ज्याचे नाव आजही आपल्या पंचांगात आहे. कथा अशी : तियामत ही आदिसागराची देवता देवांवर चालून येते. देव भयभीत होतात. तरुण मार्दुक लढावयास तयार होतो, परंतु अट घालतो की, विजय मिळाल्यास सर्वांनी त्याचे राज्य मान्य करावे. तो तियामतला मारतो, तिच्या देहाचे दोन भाग करून एकाचे आकाश बनवतो, आणि देव त्याला पन्नास नावांनी गौरवितात. पुढे अश्शूर प्रबळ झाले, तेव्हा तेथील लेखकांनी याच कथेत मार्दुकच्या जागी आपल्या अश्शूर देवाचे नाव घातले. राजधानी बदलली आणि देवांचा राजाही बदलला.

आता बाबेलकडून समुद्रकाठी, आपल्या अधिक जवळ येऊ. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा येथे १९२९ पासून उत्खनन झाले आणि उगारित हे प्राचीन नगर उजेडात आले. तेथील पट्टांवर बआलची कथा आहे. वृद्ध एल हा देवसभेचा प्रमुख. परंतु कथेतला पराक्रम सारा बआलचा. तो मेघांवर आरूढ होणारा, पाऊस देणारा देव. याम, म्हणजे समुद्र, त्याचा प्रतिस्पर्धी. कोथर नावाचा दैवी कारागीर बआलला दोन गदा घडवून देतो, त्यांनी तो यामला पाडतो आणि राजा होतो. त्सफोन पर्वतावर त्याचा महाल उभा राहतो. पण लगेच मोत, म्हणजे मृत्यू, त्याला गिळतो. बआल नसताना शेते कोरडी पडतात. अनाथ देवी मोतचा नाश करते, तेव्हा बआल परत येतो. या देवाचे राज्य असे होते, की दुष्काळ पडला की ते गेले असे समजावे.

ग्रीसमध्ये हेसिओदने सांगितलेली कथा तीन पिढ्यांची आहे. उरानोसला त्याचा मुलगा क्रोनोस पदच्युत करतो. आपल्यावरही तीच वेळ येईल या भीतीने क्रोनोस स्वतःची मुले गिळतो. त्यांतून वाचलेला झ्यूस त्याला जिंकतो. त्याचे वज्र एकाक्ष राक्षसांनी दिलेले असते. 

भारतात ऋग्वेदातील इंद्र त्वष्ट्याने घडविलेल्या वज्राने वृत्राला मारतो आणि अडलेले पाणी मोकळे करतो. गंमत अशी की, झ्यूस, रोमचा ज्युपिटर आणि वेदातील द्यौस् पितर ही नावे एकाच मूळ शब्दापासून आलेली आहेत. ग्रीस आणि रोममध्ये तो आकाशपिता राजा झाला. वेदांत तो मागे राहिला आणि राज्य इंद्राला मिळाले. पुराणांत तर इंद्र हे एक पदच झाले. दर मन्वंतराला नवा इंद्र येतो, आणि कोणी मोठे तप आरंभिले की इंद्राचे आसन डळमळते. हा वाक्प्रचार आपण कोकणातून येथे आणला, तो याच कथांमधला.

या सर्व कथांमध्ये एक सूत्र दिसते. मुख्य देव वादळाचा धनी असतो, त्याचे शस्त्र बहुधा दुसऱ्याने घडविलेले असते, आणि त्याला राज्य लढून मिळते. जे लढून मिळते ते राखावे लागते, आणि कधी जातेही.

आता आपले तनाख उघडून पाहू. हे शेजारी आपल्या पूर्वजांना अनोळखी नव्हते. तेहिल्लीममध्ये परमेश्वर मेघांवर आरूढ होतो, त्सियोनच्या वर्णनात त्सफोनचे नाव येते, आणि चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रात तो लिव्याथानची मस्तके ठेचतो. हा लिव्याथान म्हणजेच उगारितचा सात मस्तकांचा लोतान. शब्द जुने आहेत. परंतु त्या विजयाने परमेश्वराला राज्य मिळाले, असे कोठेही म्हटलेले नाही. त्याच स्तोत्रात तो पुरातन काळापासूनचा राजा आहे. बेरेशीथमध्ये तर युद्धच उरलेले नाही. ‘तेहोम’ हा शब्द तियामतच्या नावाशी नाते सांगतो, पण तेथे ते निव्वळ खोल पाणी आहे. सागरातील महाकाय प्राणी पाचव्या दिवशी इतर प्राण्यांबरोबर निर्माण होतात. आपल्या परमेश्वराला जन्मकथा नाही, आईबाप नाहीत, राज्याभिषेकाची कथाही नाही.

आणि येथे आपल्या एलियाहू हन्नाबीचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कर्मेल पर्वतावर त्याने बआलच्या पुजाऱ्यांना आव्हान दिले, ते दुष्काळात. पाऊस देणारा कोण, हाच प्रश्न होता. अग्नी उतरला, मग पाऊसही आला. परंतु त्यानंतर एलियाहू होरेबवर जातो, तेव्हा काय घडते? प्रचंड वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो; आणि त्यांपैकी कशातही परमेश्वर नसतो. मागाहून ऐकू येतो तो एक अतिशय मंद स्वर. वादळ ही मार्दुक, बआल, झ्यूस आणि इंद्र या सर्वांची राजचिन्हे. कर्मेलवर जिंकलेल्या नबीलाही शिकावे लागले की, आपला देव म्हणजे अधिक बलवान बआल नव्हे.

ग्रीकांच्या म्हणण्यातली अडचण ती हीच. झ्यूस हा अनेकांतला पहिला. पहिला म्हटले की दुसरा आला, आणि दुसरा आला की स्पर्धा आली. शेमा म्हणताना आपण परमेश्वराला पहिला क्रमांक देत नाही. तो एक आहे असे म्हणतो. मक्काबींचा नकार या एका शब्दासाठी होता.

आपल्यातील एक परंपरा सांगते की, आपले पूर्वज अँटिओकसच्या छळाच्या काळातच गालीलातून निघाले आणि नौगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ बुडाले. हनुक्का त्यांना ठाऊक नव्हता. कोकणात शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले, पण देव बदलावयास कोणी भाग पाडले नाही. याबद्दल त्या भूमीचे ऋण आपण मानतो. अनेक देवांच्या त्या शेजारात, पुस्तकावाचून, त्यांनी शब्बाथ, सुंता आणि शेमा सांभाळला. मलिद्याच्या ताटापाशी त्यांनी ज्या नबीचे नाव घेतले, तो कर्मेलचाच एलियाहू. आज कर्मेल आपल्यापासून बसच्या अंतरावर आहे. मुलांना तेथे घेऊन जाल, तेव्हा बआलच्या पराभवाबरोबर होरेबचा तो मंद स्वरही त्यांना सांगावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो. शालोम.